माजघरातला माइक

पांढुर्ण्यातल्या आमच्या घरी सध्या माजघरावरून वाद चालू आहे. माझ्या आतेबहिणीला, ताईला, तिथे गाणं रेकॉर्ड करण्यापुरता छोटा स्टुडिओ करायचा आहे. ती सौंसरच्या एका शाळेत शिकवते, स्वतः गाते, आणि जुन्या बायकांची गाणी जमवायचं तिच्या मनात फार दिवसांपासून आहे. बाबांना हे पटत नाही. ते अर्ध्या आयुष्याहून जास्त काळ खंजिरी भजनाचं मंडळ चालवत आले आहेत. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं विदर्भात आणि आमच्या या सीमेलगतच्या पट्ट्यात गावोगाव जी मंडळं उभी केली, त्यांतलंच हे एक. दोघांच्याही बोलण्यात वाया जाऊ नये असं पुष्कळ आहे, म्हणून ते इथे मांडतो. माझं मत मधूनमधून येईल. ते लपवायचं कारण मला दिसत नाही.

बाबा : स्टुडिओच पायजे तर नागपूर काय दूर आहे? सकाळच्या गाडीनं जाय, गाऊन घे, रातच्याले वापस. तथी काचेमांगं माणूस बसला रायते. त्याचे कान आपल्याहून तयार. आमचं मंडळ आकाशवाणीवर गेलं होतं तवा तिथल्या साहेबानं माहा खंजिरीवाला तीन हात मांगं सरकवला. मले राग आला होता. मंग घरी रेडिओवर ऐकलं तवा समजलं का शब्द न् शब्द ऐकू येऊन रायला. घरी बसून हे तुले कोन सांगन?

ताई : सांगणारं माणूस लागतं, हे खरं मामाजी. पण स्टुडिओ तासावर पैसे घेतो. घड्याळाकडे डोळा ठेवून गायलं की गळा मोकळा होत नाही. आणि मला माझंच गाणं करायचं आहे असं कुठे आहे? मला भुलाबाईची गाणी हवीत, जात्यावरच्या ओव्या हव्यात, हळदीची गाणी हवीत. ती येणाऱ्या बायका सत्तरीच्या पुढच्या. त्यांतली एक तरी बाई नागपूरच्या गाडीत बसेल का?

बाबा : नाही बसन. पण मंग खोली कायले पायजे? मशीन घे अन् त्यायच्या घरी जाय.

हा बाबांचा मुद्दा वजनदार आहे, कारण आपल्या भाषेतलं असं सगळ्यात मोठं काम तसंच झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचायला आणि ऐकायला मिळतो. बाया गेल्या नाहीत, यंत्र त्यांच्या दारी गेलं.

ताई : जायचंच आहे. पण गेल्यावर काय ऐकू येतं तेही सांगते. ओसरीवर बसलो की समोर रस्ता. आत गेलो की टिनाचं छत, शेजारच्या वावरातली मोटार. इथे इटारसी-नागपूर लाइनच्या मालगाड्या संपतच नाहीत. फिरताना मोबाइलवर किंवा छोट्या रेकॉर्डरवर घेईन. आठवण म्हणून, पाठ म्हणून ते चालेल. पण ज्या चार-सहा बायकांचा गळा अजून शाबूत आहे, त्यांना दुपारी गल्लीतून चालत येता येईल अशी एक शांत जागा मला हवी आहे. नागपूरला नाही, त्यांच्याच पांढुर्ण्यात.

बाबा : मोबाइलवर काय वाईट येते? कडुबाई खरातायचं एकतारीवरचं गाणं मोबाइलच्या व्हिडिओवरच घरोघरी गेलं ना?

ताई : गेलं, कारण आवाजच तसा आहे आणि एकतारी त्यांच्या हातात आहे. गाणं पोचायला मोबाइल पुरतो, त्याबद्दल वाद नाही. अडचण वेगळी आहे. मोबाइल स्वतःच आवाज कमी-जास्त करत राहतो. बाई हळू गायली की तो पातळी वर ओढतो आणि पंख्याची घरघरही वर येते. तिनं सूर चढवला की दाबून टाकतो. गाण्यातला चढउतार जो आहे तोच सपाट होतो. पुन्हा तो फाइल आवळून ठेवतो. मला ती न आवळता ठेवायची आहे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकच्या रेकॉर्डिंगला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर थोडी जागा लागते. आजच्या काळात ही जागा म्हणजे काहीच नाही.

इथे थोडं मागे जायला हवं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी सीमेच्या या बाजूला उरली. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरी हिंदीत, शाळा बहुतेक हिंदीत, घर मराठीत. १९४८ मध्ये सुरू झालेलं नागपूर आकाशवाणी केंद्र इथल्या पिढ्यांनी ऐकलं आणि पुण्या-मुंबईची कॅसेटही ऐकली. इथला आवाज मात्र बाहेर फार कमी गेला. दगडफेकीच्या गोटमार जत्रेच्या दिवशी जाम नदीवर कॅमेरे येतात, दगड दाखवतात, निघून जातात. पोळ्यापासून कोजागिरीपर्यंत घराघरांत जे गायलं जातं त्याच्यासाठी कोणी येत नाही. म्हणून ताईची खोली मला हौसेची गोष्ट वाटत नाही.

बाबा : बरं, खोली करजो. पण त्या मागच्या गल्लीतल्या पोरानं केली तशी नको. भिंतीभर काळा फोम चिटकवला त्यानं. आत बसलं का बाहेरच्या गाडीचा भोंगा जसाच्या तसा.

ताई : फोमचं ते कामच नाही मामाजी. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं. जाड भिंत, जड दार, बंद फटी. आपल्या माजघराच्या मातीच्या भिंती दीड हात जाड आहेत आणि एकही भिंत रस्त्याला लागून नाही. असं नव्यानं बांधायचं म्हटलं तर परवडणार नाही. मला दाराखालची फट तेवढी बुजवायची आहे. फोम, गादी, गोधडी यांचं काम दुसरं. आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येतो, तो ती खातात. अंड्याचे ट्रे लावतात ते तर यांतलं कुठलंच काम धड करत नाहीत.

बाबा : परत आला तर येऊ दे. मंदिरात आवाज घुमते तवा भजन रंगते.

ताई : जामसावळीच्या मंदिरात बसून ऐकणाऱ्याला रंगतं. माइकला एकच कान. मंदिराची घुमणूक मोठ्या जागेची, ती हळूहळू विरते. आपल्या खोलीत समोरासमोरच्या भिंती दहा फुटांवर आहेत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा फुटांची फेरी मारून तो लगेच अंगावर येतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा, टर्रर्र असा धातूसारखा आवाज येतो. तो एकदा रेकॉर्डमध्ये गेला की काढता येत नाही. घुमणूक नंतर हवी तेवढी घालता येते.

बाबांनी माजघरात जाऊन टाळी वाजवली. मग ‘सा’ लावला, खालचा पंचम लावला, आणि एका ठिकाणी आवाज अचानक फुगला. ते दोन पावलं सरकले, तर तोच सूर पोकळ झाला. ताईनं याचाही हिशेब सांगितला. तीन मीटरच्या अंतरात ५७ हर्ट्झच्या आसपासची लाट नेमकी बसते, आणि तिच्या दुपटीची ११४चीही. पुरुषाच्या खर्जाचा पाया तिथेच असतो. म्हणून गाणाऱ्यानं खोलीच्या ऐन मध्यावर किंवा कोपऱ्यात बसू नये, थोडं आडबाजूला बसावं. बाबांना आकडे नकोच होते, कानाला पटलं होतं. त्या दिवसापासून ‘खोली कायले’ हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही. वाद संपला नाही, फक्त जागा बदलली.

बाबा : गोधड्या टांगून भागन?

ताई : पातळ गोधडी किंवा सतरंजी वरचेच सूर खाते, खालचे तसेच राहतात. मग आवाज बोजड होतो, कांबळ्यातून बोलल्यासारखा. जाडी हवी, चार-सहा इंच, आणि भिंतीपासून थोडी सोडून. आपल्याकडे कापूस आहे, जुन्या गाद्या आहेत, संत्र्याच्या लाकडी पेट्या आहेत. पेट्यांच्या फळ्यांची चौकट करायची, आत गादी उकलून कापूस भरायचा, वरून सुती कापड. ताणून ठोकायचं नाही, आवाज आत शिरला पाहिजे. फक्त त्या चौकटींजवळ दिवा, उदबत्ती, उघडी वायर काही नको. कापूस पेटायला वेळ लागत नाही.

बाबा : माइकच्या मांगं लावशीन त्या?

ताई : आधी गाणाऱ्याच्या पाठीमागे. सगळे इथेच चुकतात. गाण्याचा माइक समोरचं जास्त ऐकतो, पाठीमागचं कमी. त्याच्या समोर काय असतं? गाणारी बाई आणि तिच्यामागची भिंत. ती भिंत आधी मऊ करायची.

घरच्या स्टुडिओबद्दल बोलणारे बहुतेक जण सुरुवात माइकच्या नावांपासून करतात. ताईनं ती यादी शेवटी काढली, आणि हा क्रम मला बरोबर वाटतो. मात्र माइकवर दोघांचं खरंच बिनसलं. बाबांचा भरवसा मंडळाच्या माइकवर. शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक १९६६ पासून जगभर स्टेजवर आहे. हातातून पडला तरी चालतो आणि कोणत्याही साउंडवाल्याकडे सापडतो. ताईला कंडेन्सर हवा आहे.

बाबा : तो नाजूक रायते. अन् गल्लीतलं कुत्रंसुद्धा पकडते.

ताई : कुत्रं दोन्ही पकडतात. डायनॅमिक माइक आपण ओठाला लावून गातो, म्हणून कुत्रं दूर वाटतं. तोच एक हात दूर ठेवला तर गळा आणि कुत्रं यांचं प्रमाण जवळपास कंडेन्सरसारखंच येईल, वर आवाज इतका वाढवावा लागेल की मशीनचीच सूंऽऽ ऐकू येईल. तुमच्यासाठी तो माइक उत्तम आहे, तुम्हाला ओठाजवळ माइक घेऊन गायची सवय आहे. पण सत्तरीच्या बाईच्या तोंडापुढे जाळीचा गोळा धरला की ती गप्प होते. तिला माइक दिसला नाही पाहिजे. तो हातभर दूर, थोडा वरच्या अंगाला हवा. हातभरावरून हळू आवाज नीट घ्यायचा तर कंडेन्सर लागतो आणि खोली चांगली लागते. म्हणून तर मी खोलीच्या मागे लागले आहे.

मला वाटतं, या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. स्टुडिओ कसा असावा हे तिथे कोण गाणार यावर ठरतं. ज्याला हेडफोन घालून, ट्रॅक ऐकत, वितीभर अंतरावरून गाता येतं, त्याचं काम कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसूनही होतं. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत घडला आणि ग्रॅमी घेऊन गेला, तो याच रीतीनं. आमच्या गल्लीतल्या आज्ज्यांना ती रीत जमणार नाही आणि जमावी अशी अपेक्षाही ठेवू नये. त्यांच्यासाठी खोलीनं जास्त काम करायचं आहे.

सामानाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दुकानदार ते दाखवतातच. एक कंडेन्सर माइक, त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा देणारं दोन माइकचं साउंड कार्ड, जड स्टँड, चांगली केबल, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. लॅपटॉप घरात आहे आणि ऑडॅसिटी फुकट आहे. पंचवीस-तीस हजारांत हे बसतं. भ आणि फ म्हणताना जो वाऱ्याचा धक्का माइकवर बसतो, त्यासाठी जाळी विकत घेण्याऐवजी ताईनं भरतकामाच्या रिंगमध्ये जुनी पातळ ओढणी दुहेरी ताणून बसवली आहे. भजनात ‘भ’ किती वेळा येतो ते लक्षात घेतलं तर ही रिंग फार मोलाची. रेकॉर्ड करताना लॅपटॉप चार्जरवर न ठेवता बॅटरीवर चालवायचा, कारण आमच्या जुन्या वायरिंगला धड अर्थिंग नाही आणि ५० हर्ट्झची घुमघुम लगेच शिरते. आवाजाची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवायची. लाल दिवा लागला की तिथला आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

बाबा : अन् मंडळ? तुह्या त्या हेडफोनात झील कशी धरतीन? एकानं आज गायलं, दुसऱ्यानं उद्या, मंग तू जोडशीन. त्याले भजन नाही म्हणत. मी ओळ टाकली का झीलकऱ्यायच्या तोंडाकडं पायतो. ते दमले दिसले तर लय धरून ठेवतो, तापले दिसले तर सोडतो. हे कोन्त्या वायरीतून जाईन?

ताई : नाही जात. ते मी वेगवेगळं घेणारच नाही. अर्धगोलात बसायचं, माइक समोर एकच. खंजिरी मागे, पेटी बाजूला, तुम्ही सगळ्यांत पुढे, झीलकरी तुमच्यामागे. कोणाचा आवाज वाढवायचा तर बटण फिरवायचं नाही, माणूस सरकवायचा. आकाशवाणीत तुमचा खंजिरीवाला तीन हात मागे गेला तो असाच.

बाबा : मंग सरकवणारा पायजे. तेच मी पयल्या दिवसापासून म्हणून रायलो. तू गाशीन तवा तुले कोन सरकवन?

ताईकडे याला लगेच उत्तर नव्हतं. मला वाटतं, बाबा इथे जिंकले. घरच्या स्टुडिओची खरी उणीव माइकमध्ये नसते, दुसरं माणूस नसण्यात असते. रेकॉर्ड करणारी आणि गाणारी एकच झाली की एक डोळा पडद्यावरच्या रेषेवर राहतो आणि सूर तिथेच सांडतो. नंतर ऐकणारी आणि निवडणारीही तीच, मग चौथी वेळ चांगली की पहिली हे सांगायला कोणी उरत नाही. शेवटी ठरलं ते असं : ताई गाईल तेव्हा बाबा हेडफोन घालून दाराशी बसतील. त्यांनी बटणं शिकायची नाहीत, फक्त ‘पुन्हा’ किंवा ‘राहू दे’ एवढंच म्हणायचं.

आईनं वेळ ठरवून दिली. दुपारी दोन ते चार. तेव्हा कुकर नाही, मिक्सर नाही, धुणं नाही. वैशाखात माजघरात कूलर बंद ठेवून गाता येणार नाही, म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे, काकडआरतीच्या वेळी. लग्नसराईत आणि गणपतीत काम बंदच. घरात कोणाच्या तरी शांततेवर हा स्टुडिओ चालणार आहे आणि ती शांतता बहुतेक बाईच पाळणार आहे. त्यामुळे तास तिनंच ठरवावेत, हे मला न्यायाचं वाटतं. आईला भुलाबाईची गाणी पुष्कळ येतात हे त्याच बोलण्यात कळलं. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून तिला बसवायचं आहे.

सफाईवर मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही.

बाबा : खोकला आला, शब्द इसरला, तर ते काढून टाकू नको. गाताना माणूस होता एवढं तरी कळू दे.

ताई : माझ्या गाण्यातलं मी काढणार. ते मी लोकांपुढे ठेवणार आहे आणि मला ते चांगलं हवं आहे. दोन वेळा गायलेल्यातलं चांगलं कडवं उचललं तर त्यात खोटं काय? सूर मशीननं ओढून सरळ करणार नाही, तेवढं मी पाळते.

बाबा : आज कडवं उचलशीन, उद्या शब्द, परवा अक्षर. मंग रियाज कायले करशीन?

ताई : आज्ज्यांच्या गाण्यांना हात लावणार नाही, हे लिहून देते. डोळ्याला त्या डोया म्हणतात तर तसंच राहील. ८० हर्ट्झच्या खालची मालगाडीची गडगड तेवढी कापीन, तीही ऐकायच्या प्रतीत. मूळ फाइल जशी आली तशी वेगळी राहील. गोंगाट काढायचं ते सॉफ्टवेअर जास्त वापरलं की गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो, त्यापेक्षा थोडी गडगड बरी.

बाबांना अजून एक गोष्ट हवी होती आणि ती ताईच्या डोक्यात नव्हती. प्रत्येक गाणं संपल्यावर बाईनं आपलं नाव, गाव आणि गाणं कोणाकडून शिकलं ते त्याच दमात बोलावं. ताई म्हणाली, फाइलच्या नावात लिहिता येईल. बाबा म्हणाले, नाव पुसून फाइल पुढे जाते, आवाज पुसून जात नाही. ते खरं आहे. १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्गनं कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीतच तात्पुरता स्टुडिओ मांडून गौहर जानचा आवाज घेतला. तेव्हा गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगत असे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कामगारांना कोण गायलं ते कळायला हवं होतं. त्या एका वाक्यामुळे तिचं नाव तिच्या आवाजापासून आजवर कोणाला तोडता आलेलं नाही.

ताईनं ते मान्य केलं आणि त्यात आपली भर घातली. आधी बाईची परवानगीही तिच्याच आवाजात घ्यायची : कुठे ऐकवायचं चालेल, कुठे नाही. मूळ फाइलच्या तीन प्रती करायच्या. एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक पेनड्राइव्हमध्ये घालून गाणाऱ्या बाईच्या घरी.